पहिला रुग्ण ज्यांच्यासमोर येतो

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी द डॅल्स नावाचं छोटं गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. १९८४ च्या सप्टेंबरात तिथल्या आरोग्य खात्याकडे पोटात मुरडा, जुलाब, ताप अशा तक्रारी येऊ लागल्या. आधी एका रेस्टॉरंटचं नाव पुढे आलं, मग दुसऱ्याचं, आणि शेवटी यादी दहांवर गेली. गावातल्या एकुलत्या एक रुग्णालयात खाटा पुरेनात. दोन लाटांत मिळून ७५१ लोक आजारी पडले आणि ४५ जणांना दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. रुग्णांच्या नमुन्यांतून साल्मोनेला टायफिम्युरियम हा जिवाणू निघाला. अन्नातून होणाऱ्या विषबाधेत हा नेहमीच भेटतो, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

स्थानिक आरोग्य कर्मचारी, राज्याचे साथरोगतज्ज्ञ आणि अटलांटाच्या सीडीसीतून, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातून, आलेले तपासनीस असे सगळे कामाला लागले. कोण कुठे जेवलं, काय खाल्लं, कधी खाल्लं, हे त्यांनी माणूस माणूस गाठून विचारलं. संशय सॅलड बारवर, म्हणजे ग्राहक आपापल्या हाताने कोशिंबिरी वाढून घेतात त्या मांडणीवर, येऊन थांबत होता. पण दहाही ठिकाणी माल पोचवणारा एकच पुरवठादार नव्हता आणि पाण्यातही दोष सापडला नाही. स्वयंपाकघरातले काही कर्मचारी स्वतः आजारी होते. तेव्हा त्यांच्या हातांच्या अस्वच्छतेतून हे पसरलं असावं, असा निष्कर्ष निघाला. हाती असलेल्या पुराव्यावर काढलेला तो प्रामाणिक निष्कर्ष होता, आणि तो चुकीचा होता.

खरं काय ते बाहेर यायला वर्ष लागलं. त्या गावापासून काही अंतरावर रजनीशपुरम ही वसाहत उभी राहिली होती. तिचं मूळ आपल्या पुण्यातल्या कोरेगाव पार्कच्या आश्रमात. जमिनीच्या वापरावरून वसाहत आणि परगण्याचं प्रशासन यांच्यात वाद पेटला होता आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये परगण्याची निवडणूक होती. मतदानाच्या दिवशी गावकरी अंथरुणाला खिळलेले राहावेत, म्हणून वसाहतीतल्या काही जणांनी आधी सॅलड बारमध्ये जिवाणू मिसळून पाहिले. सप्टेंबर १९८५ मध्ये रजनीशांची सचिव शीला आणि तिचे साथीदार वसाहत सोडून गेले. मग खुद्द रजनीशांनीच पत्रकारांसमोर त्यांच्यावर आरोप केले आणि पोलिसांना आत शिरायला वाट मिळाली. वसाहतीच्या प्रयोगशाळेत साल्मोनेलाचं जे वाण सापडलं ते रुग्णांच्या नमुन्यांतल्या वाणाशी जुळलं. ते एका पुरवठादाराकडून रीतसर विकत घेतलेलं होतं. या साथीचा सविस्तर वैद्यकीय वृत्तान्त छापून यायला १९९७ साल उजाडलं, कारण तो वाचून दुसरं कुणी तसं करील अशी धास्ती होती.

हे पुस्तक हातात घेणाऱ्या डॉक्टरांनी, नर्सनी, लॅब टेक्निशियननी आणि आरोग्य सेवकांनी ही हकिकत सगळ्यांत आधी वाचावी, असं मला वाटतं. जैविक दहशतवाद म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अंगभर बंद पोशाख घातलेल्या माणसांचा ताफा, सायरन आणि दोरी लावून अडवलेला रस्ता. बॉम्ब फुटला की अर्ध्या मिनिटात सगळ्या शहराला कळतं. जंतू सोडले तर तसं काहीच होत नाही. आजार अंगात मुरायला काही दिवस जातात. तोवर माणसं कामावर जातात, एसटीने गावी जातात, लग्नाला जातात. मग एके दिवशी कुठल्याशा दवाखान्यात ताप आलेला एक रुग्ण बाकावर येऊन बसतो. त्याला पाहणारा माणूस हाच या लढाईतला पहिला शिपाई. बहुतेक वेळा तो एमबीबीएसनंतर नुकताच रुजू झालेला वैद्यकीय अधिकारी असतो, रात्रपाळीची सिस्टर असते, नाहीतर गल्लीतला खासगी डॉक्टर असतो. जैविक हल्ल्याची तयारी म्हणजे सर्वांत आधी या माणसाची तयारी, हे मी या प्रस्तावनेत पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

द डॅल्सच्या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. १९८५ मध्ये वाण जुळवता आलं, कारण १९८४ मध्ये रुग्णांचे नमुने नीट घेतले गेले होते, जिवाणू वेगळा करून त्याचे गुणधर्म नोंदवले होते. त्या वेळी कुणाच्या मनात घातपात नव्हता. साध्या जुलाबाच्या साथीत करायचं ते साधं काम त्यांनी नेमकेपणाने केलं आणि तेच पुढे पोलीस तपासात पुरावा ठरलं. आपल्याकडे जत्रेतली विषबाधा असो की आश्रमशाळेतली, सलाईन लावून पोरं बरी झाली की अन्नाचा नमुना कुठे गेला हे कुणी विचारत नाही. ही सवय मोडली नाही, तर महागड्या यंत्रांचा काही उपयोग नाही.

आता दुसरी हकिकत. २ ऑक्टोबर २००१ च्या पहाटे फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात एका वृत्तपत्र कंपनीच्या छायाचित्र संपादकाला आणलं. ताप, उलट्या, भ्रमिष्टपणा अशी लक्षणं पाहून मेंदूज्वराचा संशय आला आणि पाठीतलं पाणी काढलं. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. लॅरी बुश यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा त्यांना दंडाच्या आकाराचे मोठे जिवाणू दिसले. नेहमीच्या मेंदूज्वरात असे जिवाणू दिसत नाहीत. त्यांच्या मनात अँथ्रॅक्स आला. हाच आजार आपले शेतकरी गुरांतली फाशी म्हणून ओळखतात. श्वासावाटे झालेला अँथ्रॅक्स अमेरिकेत १९७६ नंतर कुणी पाहिलेला नव्हता. तरीही त्यांनी शंका गिळून टाकली नाही, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. नमुना जॅक्सनव्हिलच्या राज्य प्रयोगशाळेत गेला. तिथल्या तंत्रज्ञाने या जिवाणूच्या तपासणीचं प्रशिक्षण आधीच अटलांटाला जाऊन घेतलं होतं. १९९९ मध्ये सीडीसी, एफबीआय आणि सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची संघटना यांनी मिळून प्रयोगशाळांचं एक जाळं उभं केलं होतं, त्यातलंच ते प्रशिक्षण. रुग्ण दाखल झाल्यापासून दोन दिवसांत, ४ तारखेला, निदान जाहीर झालं. रुग्ण ५ तारखेला गेला, पण देश जागा झाला होता.

इथे नशिबाचा भाग किती आणि तयारीचा किती? मला तयारीचं पारडं जड वाटतं. डॉक्टरने पाठ्यपुस्तकातला दुर्मीळ आजार डोक्यातून पुसला नव्हता. अधिकाऱ्याने फोन उचलला आणि ‘आधी खात्री करा, मग बोला’ असं सुनावलं नाही. प्रयोगशाळेत शिकलेला माणूस बसलेला होता. या तीन दुव्यांतला एक तुटला असता, तर तो मृत्यू अज्ञात मेंदूज्वर म्हणून नोंदला गेला असता आणि अँथ्रॅक्सची भुकटी घालून टपालाने पाठवलेली पुढची पत्रं आणखी कितीतरी हातांत पडली असती.

त्याच साथीने तयारीतली भोकंही दाखवली. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटर डॅशल यांच्या कार्यालयात पावडर भरलेलं पत्र उघडलं गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच प्रतिजैविकं मिळाली. पण ते पत्र ज्या ब्रेंटवूडच्या टपाल केंद्रातून गेलं, ते केंद्र पुढे सहा दिवस चालूच राहिलं. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडत नाहीत, असं तज्ज्ञ धरून चालले होते. प्रत्यक्षात छाटणी करणाऱ्या यंत्रांच्या दाबाने पाकिटातली भुकटी हवेत उडत होती. त्या केंद्रातल्या दोन कामगारांचा जीव गेला. त्यांच्यातल्या एकाला रुग्णालयातून साधा पोटाचा आजार म्हणून घरी परत पाठवलं होतं. सगळ्या प्रकरणात २२ जणांना लागण झाली, ५ मेले. ब्रेंटवूडचे कामगार बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते, आणि सिनेटच्या इमारतीला एक न्याय व आम्हाला दुसरा, ही त्यांची भावना नंतर औषधं वाटतानाही आड आली. पत्राच्या वाटेवर कोण कोण उभं आहे हे पाहायचं, तर टपाल छाटणाऱ्यापासून सुरुवात करायला हवी होती. आपल्याकडे कुणी अशी आखणी करायला बसलं, तर सफाई कामगार, शवागारातला कर्मचारी, ॲम्ब्युलन्सचा चालक आणि कपडे धुणारा हे त्या यादीत पहिल्या पानावर असावेत, असा माझा आग्रह आहे.

न पाहिलेला आजार ओळखणं किती अवघड असतं, याचं १९७२ च्या युगोस्लाव्हियापेक्षा बोलकं उदाहरण मला ठाऊक नाही. ते हल्ल्याचं प्रकरण नव्हे; देवीचा रोग यात्रेकरूबरोबर इराकमधून आला होता. पण त्या देशात चाळीसेक वर्षांत कुणी देवीचा रुग्ण पाहिला नव्हता. एका तरुण शिक्षकाला या रुग्णालयातून त्या रुग्णालयात हलवलं गेलं, आणि बेलग्रेडमध्ये तर त्याला पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांसमोर दाखवलं. त्या एकट्यापासून ३८ जणांना लागण झाली, त्यात डॉक्टर आणि नर्सही होत्या. एकूण १७५ रुग्ण आणि ३५ मृत्यू झाले. मग मात्र सरकारने झपाट्याने पावलं उचलली, गावांभोवती वेढे दिले, काही आठवड्यांत १ कोटी ८० लाख लोकांना लस टोचली आणि साथ आटोक्यात आणली.

आपल्या अंगणातही असंच घडलं. १९६६ नंतर भारतात माणसांमधल्या प्लेगची प्रयोगशाळेत खात्री झालेली नव्हती, आणि त्याच्यावर नजर ठेवणारी व्यवस्था हळूहळू ढिली पडत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने मराठवाडा हादरला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावातल्या लोकांनी तडे गेलेली घरं सोडली. ओस घरांत धान्य राहिलं आणि उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टात आधी पिसवांचा उपद्रव सुरू झाला, त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसू लागले. हे तीन आठवडे मला फार महत्त्वाचे वाटतात. गावकऱ्यांना बदल दिसत होता. प्लेगच्या आठवणी ज्यांच्या आजी-आजोबांनी सांगितल्या होत्या, त्या पिढीला उंदीर पडण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. प्रश्न एवढाच की त्यांनी पाहिलेलं कुणापर्यंत पोचत होतं आणि पोचल्यावर कुणी हलत होतं का.

सप्टेंबरात सुरतमध्ये फुफ्फुसाचा प्लेग उमटला. तिथे जे झालं ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे, कारण लिंबायत-उधना भागात खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्या दिवसांत भुसावळकडे येणाऱ्या गाड्या खच्चून भरल्या होत्या. लाखो लोकांनी शहर सोडलं. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलुपं लावली. टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झालं; ज्यांना गरज नव्हती त्यांनी साठवलं आणि ज्यांना होती त्यांना मिळेना. परदेशांनी विमानं थांबवली. देशात मृत्यू पन्नासच्या थोडे पुढे, पण नुकसान अफाट. हा जैविक हल्ला असल्याच्या अफवाही उठल्या. तपासातून जे दिसलं ती नैसर्गिक साथच होती. पण हल्ला झाला असता तरी त्या आठवड्यातलं चित्र यापेक्षा फार वेगळं नसतं, आणि हल्लेखोराला नेमकं हेच हवं असतं. मृत्यूंच्या आकड्यापेक्षा पळापळ त्याच्या अधिक कामाची.

सुरतनंतर देशाने काही केलं, हे मान्य करायला हवं. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प, म्हणजे आयडीएसपी, सुरू झाला. आरोग्य सेवकाने लक्षणांवरून एस फॉर्म भरायचा, डॉक्टरने संशयित निदानाचा पी फॉर्म आणि प्रयोगशाळेने खात्रीचा एल फॉर्म, अशी ती रचना. आता ते काम संगणकावर, आयएचआयपीवर होतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१२ मध्ये भारताचा स्वतःचा साथरोग तपासनीसांचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तो अमेरिकेच्या एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिसच्या, म्हणजे ईआयएसच्या, धर्तीवर. ते मूळ ईआयएस १९५१ मध्ये जन्मलं ते कोरियन युद्धाच्या काळात, शत्रू जंतू सोडील या भीतीतून. सीडीसीचे अलेक्झांडर लँगम्युइर यांनी ती भीती पुढे करून सरकारकडून पैसे मिळवले आणि ईआयएसमधल्या तरुण डॉक्टरांना पोलिओ, हिवताप, विषबाधा अशा रोजच्या साथींवर धाडलं. युद्धाचा हल्ला आला नाही, पण साथीमागे धावायला शिकलेली एक फौज तयार झाली. जैविक दहशतवादाच्या नावाने मिळणारा पैसा कुठे खर्च व्हावा, याचं याहून चांगलं उत्तर कुणी दिलेलं माझ्या वाचनात नाही.

पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, तिथे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. मुंबईत कस्तुरबा रुग्णालय आणि परळला हाफकिन संस्था आहे. महाराष्ट्राकडे जे आहे ते देशातल्या फार थोड्या राज्यांकडे आहे. पण गडचिरोलीतल्या किंवा अक्कलकुव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघालेला नमुना तिथपर्यंत, बर्फातून न सुटता, लेबल न पुसता, किती तासांत पोचतो? तयारीचं खरं माप इथे लागतं.

हाफकिनचं नाव आलं म्हणून एक जुनं प्रकरण सांगतो. प्रयोगशाळेच्या कुलुपाचा विषय निघाला की ते मला नेहमी आठवतं. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनवर पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे या तरुणाला गर्दीत एका माणसाचा धक्का लागला आणि दंडात काही टोचल्यासारखं झालं. आठवड्याभराने तो गेला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी रक्त कल्चरला पाठवलं होतं. मृत्यूनंतर आलेल्या रिपोर्टात प्लेगचे जंतू निघाले. इस्टेटीच्या वादात सावत्र भावाने एका डॉक्टरच्या मदतीने हा खून घडवला होता. त्या डॉक्टरने प्लेगचे जंतू मिळवण्यासाठी मुंबई गाठली होती. हाफकिन संस्थेकडून ते मिळवायचे आधीचे प्रयत्न साधले नाहीत. मग ओळखीपाळखीतून आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात काम करायची परवानगी मिळवली गेली. हा दहशतवाद नव्हता, घरगुती खून होता. तरी आज जैवसुरक्षेच्या प्रशिक्षणात जे शिकवायचं ते सगळं त्यात आहे. एका संस्थेने नियम पाळला, तर दुसऱ्या दारातून वाट सापडली. कोण कशासाठी कल्चर मागतो, फ्रीजची किल्ली कुणाकडे असते, कोणती नळी कधी नष्ट केली याची वही असते का, हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. ते विचारले न गेल्याने एक माणूस मेला, आणि रक्ताची एक बाटली वेळेवर पाठवली म्हणून कट रचणारे पकडले गेले.

कायदा आणि बळ यांबद्दलही लिहायला हवं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरले, देवघरात, माजघरात गेले, बायकांची तपासणी झाली. लोकांनी रुग्ण लपवले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साली पुण्यातच सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. एकाच शहरातल्या, एकाच साथीतल्या या दोन वाटा आहेत. तो कायदा आपण २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये पुण्यात वापरला, २०२० मध्ये पुन्हा वापरला. हल्ल्याचा संशय असेल तेव्हा पोलीस येणारच, गावाभोवती वेढा पडू शकतो, आणि तो कधी कधी आवश्यकही असतो. पण आजारी माणूस गुन्हेगार नाही, तो पीडित आहे, हे शिपायापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना आधीच शिकवलेलं असलं पाहिजे. हल्ल्याच्या दिवशी ते शिकवता येत नाही.

तर मग प्रशिक्षणात नेमकं काय यावं? पुस्तकात ते विस्ताराने आहे, मी माझ्या दृष्टीने कळीचं तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे खटकायला शिकणं. धडधाकट तरुण एकाएकी श्वास लागून मरताहेत. आजार त्या भागातला नाही किंवा त्या ऋतूतला नाही. एकाच इमारतीतले, एकाच समारंभाला गेलेले लोक काही तासांच्या अंतराने आजारी पडताहेत. माणसांबरोबर गुरं, शेळ्या किंवा कावळे मरताहेत. नेहमीचं औषध लागू पडत नाही. असं काही दिसलं तर कारण नैसर्गिक की घातपाती हे ओपीडीतल्या डॉक्टरने ठरवायचं नाही. त्याने फक्त ‘हे वेगळं आहे’ एवढं ओळखायचं आणि सांगायचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस, म्हणजे गिलां-बारे सिंड्रोम, या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा नेहमी तुरळक दिसणारा आजार एवढ्या संख्येने एका भागातून येतो आहे, हे रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या नजरेस आलं आणि तिथून पाण्याची, नमुन्यांची तपासणी सुरू झाली. कौशल्य तेच आहे. पशुवैद्यकीय अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांचा एकमेकांशी बोलण्याचा परिपाठ असला पाहिजे, तालुक्याच्या ठिकाणी तर नक्कीच.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन. रात्री दोन वाजता कुणाला कळवायचं, आणि त्याने उचलला नाही तर कुणाला, हा नंबर भिंतीवर हवा आणि तो लागतो का हे दर महिन्याला पाहायला हवं. शंका खोटी निघाली तर डॉक्टरची टिंगल होता कामा नये. दहांतल्या नऊ शंका खोट्याच निघणार, आणि त्या नऊ कळवणाऱ्यांना शाबासकी मिळाली तरच दहावा फोन येईल. खासगी डॉक्टरांना यात ओढल्याशिवाय काही साधणार नाही, कारण आपल्याकडे बहुतेक रुग्ण आधी त्यांच्याच दारात जातात. नोटिसा पाठवून ते येत नाहीत. त्यांनी कळवल्यावर पुढे काय झालं हे त्यांना उलट कळवलं, तर येतात.

तिसरी गोष्ट स्वतःला सांभाळण्याची. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडलं गेलं. तो रासायनिक हल्ला होता, पण त्यातला धडा इथेही लागू आहे. सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले. रुग्णांच्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेमुळे शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना त्रास झाला. मास्क कोणता, केव्हा आणि कसा घालायचा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कसा काढायचा, हे हाताने करून शिकावं लागतं. कोविडमध्ये आपण ते शिकलो. त्यानंतर भरती झालेल्या मुलामुलींना ते कुणी शिकवलं आहे का, याची चौकशी प्रत्येक सिव्हिल सर्जनने करावी.

चौथी गोष्ट पोलीस आणि आरोग्य खातं यांनी एकत्र बसण्याची. डॉक्टरला रुग्णाचा जीव वाचवायचा असतो आणि तपास अधिकाऱ्याला पुरावा. नमुन्याचा पंचनामा, सील, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंद, रुग्णाची गुप्तता, एकाच रुग्णाला दोन खात्यांनी दोनदा प्रश्न विचारून भंडावून न सोडणं, या सगळ्याचा सराव दोघांनी मिळून करायला हवा. द डॅल्समध्ये साथरोगतज्ज्ञ आणि पोलीस पहिल्या महिन्यातच एका टेबलाशी बसले असते, तर ते वर्ष कदाचित वाचलं असतं.

आणि सराव. मे २००० मध्ये अमेरिकेने डेन्व्हर शहरात प्लेगच्या काल्पनिक हल्ल्याचा मोठा सराव केला. त्यात जे उघड झालं ते औषधांच्या तुटवड्याइतकंच निर्णयांच्या गोंधळाबद्दलचं होतं. पन्नास-पन्नास, शंभर-शंभर माणसं एका दूरध्वनी बैठकीत तासन्‌तास बोलत राहिली आणि अंतिम शब्द कुणाचा हेच ठरेना. राष्ट्रीय साठ्यातली औषधं शहरात पोचली, पण ती लोकांच्या हातात देणारी माणसं आणि जागा कमी पडल्या. अशा चुका सरावातच व्हाव्यात यासाठी सराव असतो. आपल्याकडच्या मॉक ड्रिलची तारीख आधी कळते, त्या दिवशी सगळे हजर असतात, फोटो निघतात आणि अहवालात सगळं सुरळीत पार पडल्याचं लिहिलं जातं. असा अहवाल वाचला की मला काळजी वाटते. ज्या सरावात काहीच बिघडलं नाही, तो सराव पुन्हा घ्यावा. तो रविवारी घ्यावा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत, अर्धा स्टाफ रजेवर असताना घ्यावा. काय अडलं हे लिहिणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, असं लेखी द्यावं.

लोकांशी बोलायचं कसं, यावर पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की रोज ठरलेल्या वेळी एकाच जबाबदार व्यक्तीने मराठीत, आणि गरज पडेल तिथे गोंडी, भिली, उर्दू, हिंदीतही, जे ठाऊक आहे आणि जे अजून ठाऊक नाही ते सांगावं. गावात आशा ताईंचा शब्द टीव्हीपेक्षा जास्त चालतो. तेव्हा माहिती आधी त्यांना मिळावी, व्हॉट्सॲपवर फिरून आल्यानंतर नव्हे.

हे सगळं पैशाशी येऊन थांबतं, आणि त्याबद्दल स्पष्ट लिहिणं मला आवश्यक वाटतं. साथ आली की निधी येतो, साथ ओसरली की पदं रिकामी राहतात. ज्या लॅब टेक्निशियनला आपण नमुना घ्यायला, बंद करायला, पाठवायला शिकवतो, तो बहुधा कंत्राटी असतो. कंत्राट संपलं की तो जातो आणि त्याच्याबरोबर ते प्रशिक्षणही जातं. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला ना वेळ असतो ना तरतूद. आशा ताईंना प्रशिक्षणाच्या दिवसाची पूर्ण मजुरी वेळेवर मिळत नाही, तोवर त्या दिवसाला उपस्थिती कमीच राहणार. जिल्हा प्रयोगशाळेतल्या मायक्रोबायोलॉजिस्टची जागा कायमची भरणं, शीतसाखळीच्या गाडीला डिझेल देणं, वर्षातून दोन सराव नियमित खर्चाच्या शीर्षकात बसवणं, या मागण्या फार मोठ्या नाहीत. आरोग्य खात्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात त्या याव्यात, म्हणून हे पुस्तक डॉक्टरांइतकंच जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, आमदारांनी आणि वित्त विभागातल्या अधिकाऱ्यांनीही वाचावं.